केंद्राध्यक्ष निघाले आयोवाला

नातवाला सांभाळायला म्हणून आम्ही दोघं २०२४च्या सप्टेंबरात लेकीकडे गेलो, मिनेसोटातल्या रोचेस्टरला. परतीचं तिकीट जानेवारीचं. मग १५ ऑक्टोबरला विधानसभेच्या तारखा जाहीर झाल्या, मतदान २० नोव्हेंबरला, आणि मी हबकलोच. झेडपीच्या शाळेत बत्तीस वर्षं काढली. लोकसभा, विधानसभा, झेडपी धरून १९ वेळा निवडणुकीची ड्यूटी केली, त्यात ११ वेळा केंद्राध्यक्ष. ड्यूटीवर असतानाही टपाली मतपत्रिका भरली, मत म्हणून कधी चुकवलं नाही. आणि आता रिटायर होऊन मोकळा झालो तर मत हुकणार. हिनं समजूत काढली, "तुमच्या एका मतानं काय आमदार पडणार आहे का?" एकोणीस निवडणुका केलेल्या माणसाला असं बोलू नये.

जावयानं यावर उतारा काढला. "मामा, स्वतःचं मत नाही तर नाही, पाच नोव्हेंबरला इथं राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे, दुसऱ्यांचं तरी बघून या. इथून सव्वा तासावर आयोवा राज्याची हद्द ओलांडली की हॉवर्ड काउंटी लागते. असली काउंटी अख्ख्या अमेरिकेत दुसरी नाही."

काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणावा तर फार लहान आणि तालुका म्हणावा तर कारभार जिल्ह्याचा. आयोवात अशा ९९ आहेत, देशात ३१००च्या वर. त्या सगळ्यांत ही एकटीच अशी, की जिनं २०१२ साली डेमोक्रॅट ओबामांना २० टक्क्यांहून जास्त आघाडी दिली आणि चारच वर्षांनी, २०१६ला, रिपब्लिकन ट्रम्प यांना २० टक्क्यांहून जास्त. लोकसंख्या साडेनऊ हजारांच्या आतबाहेर. म्हणजे आमच्या करवीर तालुक्यातलं एक मोठं गाव. एवढ्या गावानं एवढी मोठी पलटी मारली, तर केंद्राध्यक्षानं पंचनामा करायला जायलाच पाहिजे.

राहायची सोय लेकीनं केली. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका नर्सचं माहेर त्या काउंटीतलं. आईवडील शेतकरी, दोघंही सत्तरीचे, घर मोठं. मनातल्या मनात मी त्यांना काका-काकू करून टाकलं, तर इथंही तसंच लिहितो.

रविवार, ३ नोव्हेंबर

भाऊबीज. लेकीचा भाऊ पुण्यात, त्यामुळे ओवाळणी व्हिडिओ कॉलवर उरकली. फराळाचा डबा मांडीवर घेऊन मी गाडीत बसलो. स्टुअर्टव्हिल, स्प्रिंग व्हॅली करत हमरस्ता ६३ सरळ दक्षिणेला जातो. हद्द कधी ओलांडली ते कळलंही नाही. फक्त पाटी बदलली.

आणि तिथं घोळ लक्षात आला. आदल्या रात्री अमेरिकेतली घड्याळं, दर हिवाळ्याआधी जातात तशी, तासभर मागे गेली होती. माझं मनगटी घड्याळ जुन्या वेळेवर, गाडीतलंही जुन्या वेळेवर, आणि लेकीनं मोबाईल बघितलाच नव्हता. काका-काकू चर्चमध्ये होते, घराला कुलूप. एक तास फुकट हातात.

त्या तासानं मला सहलीतली सगळ्यात सुंदर जागा दाखवली. लाइम स्प्रिंग्जजवळ हेडन प्रेअरी म्हणून २४० एकरांचं गवताळ रान राखून ठेवलंय. एडा हेडन या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंचं नाव त्याला दिलंय. गोरे शेतकरी येण्याआधी आयोवाची जवळपास ८० टक्के जमीन अशा उंच गवताखाली होती. आता हजारातला एक हिस्साही उरला नाही. गवत कमरेच्या वर, कुठे कुठे खांद्याला लागणारं, वाळून तांबूस झालेलं. वारा सुटला की सगळं रान एका अंगावर झुकायचं. चारी बाजूंना मका काढून झालेली काळी, सपाट, फुटपट्टीनं आखल्यासारखी शेतं, आणि मधेच हा न आखलेला तुकडा. आमच्याकडच्या देवराईसारखा, फक्त देव नाही. थंडी इतकी, की लेक पाच मिनिटांत गाडीत जाऊन बसली. मी पाऊण तास फिरलो.

दुपारी काकूंनी बटाट्याचं घट्ट सूप केलं होतं. मी शाकाहारी हे त्यांना आधीच सांगितलेलं, म्हणून त्यात बेकन घातलं नव्हतं. ते काकांच्या ताटलीत वेगळं दिसलं, आणि माझ्यामुळे त्यांना ते चुरून वरून घालावं लागतंय याची मलाच लाज वाटली. वर सफरचंदाचा पाय. मी डबा उघडला. काकांना चकली एवढी आवडली, की संध्याकाळी टीव्हीवर फुटबॉल बघताना त्यांनी अर्धी बरणी संपवली. लाडवाला मात्र हात लावला नाही. तूप जास्त झालं असावं. (हे हिला सांगितलेलं नाही.)

जाणाऱ्यांसाठी: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी प्रवास असेल तर घड्याळाचं बघा. रविवारी छोट्या गावांत दुपारपर्यंत बहुतेक सगळं बंद, पेट्रोल पंपावरचं दुकान तेवढं उघडं. आणि संध्याकाळनंतर गाडी हळू चालवा. नोव्हेंबर हा हरणांच्या माजाचा महिना, रस्त्यात कधी उडी घेतील सांगता येत नाही. आम्ही दोन मेलेली बघितली.

सोमवार, ४ नोव्हेंबर

सकाळी साडेसहाला काकांनी पिकअपमध्ये घातलं आणि क्रेस्कोला नेलं. क्रेस्को म्हणजे काउंटीचं मुख्य गाव, वस्ती चार हजारांच्या आत. तिथल्या कॅफेत एक लांब टेबल ठरलेलं. टोप्या घातलेले आठ-दहा म्हातारे, आणि मधोमध चामड्याचा पेला. त्यात फासे हलवून टाकायचे. हरला त्यानं सगळ्या टेबलाच्या कॉफीचे पैसे द्यायचे. आमच्या गावच्या पारावर फक्त फासे नाहीत, बाकी मंडळी तीच.

त्या दिवशीचा विषय पोल. आयोवातल्या मोठ्या वर्तमानपत्रासाठी अॅन सेल्झर बाई निवडणुकीआधी पाहणी करायच्या, आणि त्यांचा अंदाज चुकत नाही असा दबदबा होता. शनिवारी संध्याकाळी त्यांचा आकडा आला होता: आयोवात डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे. अमेरिकाभर खळबळ. टेबलावर मात्र नुसता हशा. एकजण म्हणाला, "मला फोन आला नाही. तुला आला का रे?" कुणालाच आला नव्हता. मी मनात म्हटलं, एक्झिट पोलवाल्यांबद्दल आमच्या पारावर शब्दाला शब्द हेच.

मग मी माझा प्रश्न टाकला: ओबामा आणि मग ट्रम्प, हे कसं काय? टेबल गप्प झालं. रागानं नव्हे. आठ वर्षं वार्ताहर येऊन हेच विचारतायत, आणि आता हा टोपीवाला हिंदुस्थानी मास्तरही तेच विचारतोय, असा तो कंटाळा होता. एकजण म्हणाला, "मी तर बदललोच नाही. मी दोन्ही वेळा डेमोक्रॅटच." दुसरा म्हणाला, "मी दोन्ही वेळा रिपब्लिकन." सगळे हसले. थोडक्यात, ज्यांनी पलटी मारली ते टेबलावर होते की नाही हे कळायला मार्ग नाही, आणि असलेच तर ते गुपचूप कॉफी पीत होते.

पिकाच्या बाजारभावाबद्दल विचारल्यावर मात्र सगळे एकदम बोलायला लागले. मक्याला बुशेलमागे चार डॉलरच्या आसपास. मी खिशातल्या कागदावर हिशेब केला: बुशेल म्हणजे साधारण २५ किलो, म्हणजे क्विंटलला तेराशे रुपये. आमचा २०२४-२५चा हमीभाव २२२५. आकडा सांगितल्यावर टेबलावर माझी पत एकदम वाढली. "मग तुम्ही इथं काय करताय, आम्हीच तिकडे येतो," एकानं टोला मारला. हमीभाव जाहीर होणं आणि हातात पडणं यातला फरक समजावायला मला दहा मिनिटं लागली, पण समजला त्यांना. चटकन समजला. नंतर कार्बन डायऑक्साइड वाहून नेणाऱ्या पाइपलाइनचा विषय निघाला. आयोवात ती शेतांतून न्यायची, नाही म्हणाल तर सक्तीचं भूसंपादन. या एका विषयावर दोन्ही पक्षांचे म्हातारे एकाच बाजूला होते. मी त्यांना शक्तिपीठ महामार्गाची गोष्ट सांगितली.

कॅफेतून कोर्टहाऊसला. आयोवात १६ ऑक्टोबरपासूनच मतदान सुरू झालं होतं. काउंटी ऑडिटरच्या कार्यालयात जायचं, ओळखपत्र दाखवायचं, मतपत्रिका भरून द्यायची. ऑडिटर म्हणजे हिशेबनीस वाटेल, पण इथं निवडणूक तोच घेतो, आणि तो स्वतःही निवडून आलेला असतो, पक्षाच्या चिन्हावर! आमच्याकडे तहसीलदार पक्षाच्या तिकिटावर उभा राहिला तर काय होईल, या विचारानं मला क्षणभर घामच फुटला.

दुपारी दोन ठिकाणं. पहिलं क्रेस्कोतलंच: आयोवा राज्याचं कुस्ती हॉल ऑफ फेम. कोल्हापूरच्या माणसाला याहून काय पाहिजे! इथं कुस्ती गादीवरची, शाळा-कॉलेजातली, पण गावाला वेड तेच. जुन्या पोरांचे फोटो, तुटक्या कानांचे, छाती काढलेले. मी काकांना खाशाबा जाधवांबद्दल सांगितलं, १९५२चं हेलसिंकीचं ब्राँझ, आणि त्याआधी १९४८ला लंडनला त्यांना रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन पैलवानानं शिकवलं होतं तेही. काका म्हणाले, "म्हणजे आमचा हिस्सा आहेच."

याच क्रेस्को हायस्कूलच्या आखाड्यात नॉर्मन बोरलॉग घडले. तेच, हरितक्रांतीचे. त्यांचं लहानपणीचं शेत क्रेस्कोच्या नैर्ऋत्येला, सौडे नावाच्या वस्तीजवळ. खडीच्या रस्त्यानं गेलो. पांढरं लाकडी घर, कोठार, आणि ते शिकले ती एकखोली शाळा. सगळं बंद होतं. आधी कळवून जायला हवं होतं, ती चूक आमची. मी शाळेच्या खिडकीला नाक लावून आत बघितलं. बाकं, फळा, मधे शेगडी. एकशिक्षकी शाळेत मीही चार वर्षं काढली आहेत, त्यामुळे आत काय काय आणि कुठं असणार हे न बघताच माहीत होतं.

१९७२च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, यायचा, त्याची भाकरी थापली की कडा फाटायच्या आणि आई मिलोलाच शिव्या द्यायची. तोवर बोरलॉग यांच्या बुटक्या गव्हानं पंजाबात कोठारं भरायला सुरुवात केली होती आणि १९७०चं शांततेचं नोबेलही त्यांना मिळून गेलं होतं. आमच्या ताटात मात्र मिलो. पुढे त्यांनीच सुरू केलेलं जागतिक अन्न पारितोषिक १९९८ साली जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना मिळालं, महिको बियाणं कंपनीवाले. हे काकांना सांगितलं, तर ते जालना हा शब्द तीन वेळा म्हणून बघत राहिले.

रात्री काकूंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक कागद पसरला. नमुना मतपत्रिका, दोन्ही बाजू भरलेली. मी चष्मा लावून अर्धा तास वाचली. राष्ट्राध्यक्ष तर वरच्या थोड्या ओळींत संपतो. खाली काँग्रेस, राज्याचं विधिमंडळ, काउंटीचे सुपरवायझर, शेरीफ, टाउनशिपचे विश्वस्त, माती आणि पाणी संवर्धनाचे आयुक्त (बिनपगारी), शेती विस्तार मंडळ. मग न्यायाधीश: अमुक यांना पदावर ठेवावं का, हो की नाही. शेवटी राज्यघटनेतल्या दोन दुरुस्त्या. पूर्वी एकच खूण करून सगळी मतं एका पक्षाला देता यायची. २०१७च्या कायद्यानं ती सोय काढली. आता प्रत्येक नावापुढचा लंबगोल वेगळा काळा करायचा.

काकूंनी पेन्सिलीनं बारीक टिकल्या मारल्या होत्या. माती-पाण्याच्या उमेदवाराजवळ लिहिलं होतं, "ओढ्याचा बांध." विस्तार मंडळातल्या एका नावाजवळ, "नाही. कुत्रा." विचारलं तर म्हणाल्या, "त्याचा कुत्रा आमच्या कोंबड्या खातो." सगळ्यात वरची राष्ट्राध्यक्षाची ओळ कोरी. मी तिकडे बघतोय हे त्यांनी बघितलं आणि कागदाची घडी घातली. "ते मी नवऱ्यालाही सांगत नाही."

कलम १२८! मतदान सुरू करण्यापूर्वी केंद्राध्यक्षानं मोठ्यांदा वाचून दाखवायचं असतं, मतदानाची गुप्तता. अकरा वेळा वाचलंय. ऐकणाऱ्यांत पोलिंग एजंट जांभया देत असायचे. इतकं मनावर घेणारं माणूस पहिल्यांदा भेटलं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

पहाटे चारला जाग आली, सवयीनं. ड्यूटीच्या दिवशी त्या वेळेला मी कुठल्या तरी शाळेच्या बाकावरून उठून, हौदावर तोंड धुऊन, मशीन मांडायला घ्यायचो. इथं काकू नऊ वाजता आरामात निघाल्या. मतदान सकाळी सात ते रात्री आठ.

केंद्र जवळच्या गावातल्या कम्युनिटी हॉलमध्ये. दारात पोलिस नाही, होमगार्ड नाही, दोरी बांधून रांगा नाहीत. केंद्रापासून ३०० फुटांच्या आत प्रचार चालत नाही, त्यामुळे पाट्या त्या हद्दीबाहेर थांबलेल्या. आपल्याकडे १०० मीटरची चुन्याची रेघ मारतात तसंच. प्रमुख बाईंना मी सांगितलं, भारतातून आलोय, हेच काम करायचो. त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "दाराजवळ उभे राहा थोडा वेळ. फोन खिशात." मी असतो तर परक्या माणसाला आत घेतलंच नसतं, हेही कबूल करतो.

आत एका टेबलावर चौघी-पाचजणी. दोन्ही पक्षांची माणसं असावीत असा नियमच आहे. मतदारानं लायसन्स द्यायचं, ते यंत्रात वाचलं जातं, सही, मतपत्रिका हातात. पुठ्ठ्याच्या आडोशाला उभं राहून पेनानं लंबगोल भरायचे, मग कागद स्वतः यंत्रात सरकवायचा. यंत्र मोजतं, कागद खाली पेटीत पडून राहतो. शाई नाही. बोटाला काहीच लावत नाहीत हे बघून मला चुटपुट लागली, जेवणात मीठ राहून गेल्यासारखी. नावनोंदणी राहिली असेल तर त्याच दिवशी, तिथंच पुरावे दाखवून करता येते. माझ्या देखत एका तरुण पोरानं केली. आपल्याकडे मतदार यादीत नाव नाही म्हणून केंद्रावर जी रडारड चालते, ती मी इतकी बघितलीय की त्या पोराचा मला हेवा वाटला.

पण खरी गंमत वेगळी. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव टेबलावरच्या बाईला माहीत. "गुडघा कसा आहे?" "मका झाला?" आणि नाव माहीत असूनही लायसन्स मागायचंच. एका म्हाताऱ्यानं कुरकुर केली, "अगं, तुला मी तिसरीपासून ओळखतो." बाई म्हणाली, "म्हणूनच दाखव."

दुपारी चर्चच्या तळघरात जेवण, देणगी टाकून. चिली नावाच्या मसालेदार रश्श्याबरोबर दालचिनीचा गोड रोल. हे जोडीनं खायचं हा आयोवाचा शाळेपासूनचा रिवाज. चिलीत मांस, म्हणून मी दोन रोल आणि चीजवर भागवलं. शिवाय प्रोटिव्हिन या चेक लोकांनी वसवलेल्या गावची कोलाची: मऊ पाव, मधे खळगा, खळग्यात खसखशीचं सारण. दिवाळीच्या आठवड्यात खसखस! अनारसे आठवले आणि त्या भरात मी चार खाल्ली.

तिथं काका पहिल्यांदा मोकळे झाले. २००८च्या जानेवारीत ते बर्फातून ओबामांसाठी कॉकसला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या गावोगावच्या सभेला, गेले होते. इराकचं युद्ध नको होतं, आणि वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी नवं हवं होतं. दोनदा मत दिलं. मग? "मग माझा दुधाचा धंदा बंद झाला, शेजाऱ्याची डुकरं कंपनीच्या कंत्राटात गेली, आणि तेच लोक टीव्हीवर सांगत होते की सगळं छान चाललंय. मला पुन्हा कुणीतरी नवं हवं होतं." आयोवात माणसं ३२ लाख आणि डुकरं दोन कोटींच्या वर, पण ती पाळणारी घरं थोडी उरलीत. माझा पंचनामा इथपर्यंत बरा चालला होता. मग काका म्हणाले, "पण २०२०ला मोजणीत गडबड झाली." मी विचारलं, इथं? "इथं कशी होईल? त्या टेबलावर माझी वहिनी बसते! तिकडे. मोठ्या शहरांत."

एकोणीस निवडणुका मी हेच ऐकलंय. आमच्या केंद्रावर चोख, सर, तुमच्याबद्दल शंका नाही. मशीन फिरवतात ते पलीकडच्या तालुक्यात. पलीकडच्या तालुक्यात ड्यूटी लागली की तिथली माणसं आमच्या तालुक्याकडे बोट दाखवायची. ज्या टेबलावर वहिनी बसते ते टेबल खरं, बाकी सगळं अंधारात. काकांना मी एवढंच म्हणालो, त्या शहरातल्या टेबलावरही कुणाची तरी वहिनी असेल. काकांनी चिली ढवळली. पटलं नाही.

(महिन्याभरानं सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीची बातमी वाचली. त्या गावानं स्वतःच्याच केंद्रावर शंका घेतली आणि कागदी मतपत्रिकेवर गावातच चाचणी मतदान घ्यायचं ठरवलं. जमावबंदी लागली, ते झालं नाही. म्हणजे माझा सिद्धांतही दर वेळी चालत नाही.)

रात्री टीव्हीसमोर तिघं. आठला मतदान बंद, आणि झोपायच्या आत आकडे यायला लागले. आमच्याकडे स्ट्राँगरूम, तीन दिवस पहारा, मग मोजणी; इथं मोजणी आणि पॉपकॉर्न बरोबरच. आयोवा ट्रम्प यांच्याकडे, शेवटी १३ टक्क्यांनी. सेल्झर बाईंचा आकडा सोळा टक्क्यांनी चुकला. काका दहाला झोपायला गेले. काकू बसून राहिल्या, आवाज बंद करून, विणत. चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही, आणि मी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

जाणाऱ्यांसाठी: मतदान बघायला जायचं असेल तर कुणा मतदाराबरोबर जा, प्रमुखाला आधी विचारा, फोटो काढू नका, उमेदवाराचं नाव असलेली टोपी-टीशर्ट नको. चर्चच्या जेवणाला सुटे डॉलर ठेवा. शाकाहारी असाल तर "मांस नाही" म्हणून भागत नाही, "कोंबडी आणि बेकनसुद्धा नाही" हे वेगळं सांगावं लागतं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

दाट धुकं. कॅफेतल्या टेबलावर फासे चालूच. काउंटीनं ट्रम्प यांना २०१६पेक्षाही मोठी आघाडी दिली होती. पलटी वगैरे काही राहिलं नाही, आता तो रिवाजच झालाय. तरी टेबलावर राष्ट्राध्यक्षाचं नाव दोनदाच निघालं. बाकी वेळ चर्चा टाउनशिपच्या विश्वस्तांची, स्मशानभूमीच्या गवताचं कोण बघणार याची.

लेक न्यायला आली. परतताना मी हट्टानं राइसव्हिलकडे गाडी वळवायला लावली. हॉवर्ड आणि मिचेल काउंटीच्या शिवेवरचं हे गाव. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिल १९६८ला, इथल्या जेन एलियट बाईंनी तिसरीच्या वर्गातली मुलं डोळ्यांच्या रंगावरून वेगळी केली: निळी आणि तपकिरी, एक दिवस एका रंगाच्या डोळ्यांची हुशार, दुसऱ्या रंगाची मठ्ठ, पुढे उलट. भेदभाव काय असतो ते गोऱ्या पोरांना कळावं म्हणून. जगभर गाजलं, आणि गावानं बाईंना बरंच दूर लोटलं. शिक्षकांसाठी हे ठिकाण म्हणजे वारीच, पण बघायला तिथं काही नाही. एक शांत रस्ता, धान्याचे सायलो, आणि धुक्यातून येणारी, मोटारी टाळणाऱ्या आमिश पंथातल्या एका माणसाची घोडागाडी, मागे नारिंगी त्रिकोण लावलेली. लेक म्हणाली, "पप्पा, यासाठी वीस मैल?"

निघताना हॉलमधल्या त्या प्रमुख बाई पेट्रोल पंपावर भेटल्या होत्या. त्यांनी पर्समधून "मी मतदान केलं"चा एक स्टिकर काढून दिला. मी म्हटलं, मी नाही केलं हो. त्या म्हणाल्या, "मग करेपर्यंत पाकिटात ठेवा."

२० नोव्हेंबर उजाडला तेव्हा रोचेस्टरला १९ची संध्याकाळ होती. सहा वाजता फोन वाजला. आमच्या शाळेतला धाकटा सहकारी, पहिल्यांदाच केंद्राध्यक्ष. करवीरमधलंच केंद्र, तिथं पहाटेचे साडेपाच. मागे एजंटांचा गलका.

"सर, मॉक पोलची पन्नास मतं झाली. आता?"

"क्लोज दाब. मग रिझल्ट. एजंटांना आकडे मोठ्यांदा वाचून दाखव, लिहून घे. जुळतायत?"

"जुळतायत."

"मग क्लिअर. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या सगळ्या काढून काळ्या लखोट्यात. पेटीत एक पण राहायला नको."

नातू मांडीवर चुळबुळ करत होता. हिनं त्याला उचलून नेलं. तिकडे बराच वेळ नुसती खुडबूड ऐकू आली.

"काढल्या सर."

"आता टोटल दाब. काय दिसतंय?"

"शून्य."

"एजंटांना दाखव. प्रत्येकाला. मागे उभा आहे त्याला पण पुढे बोलाव. मग सील कर."